मनूच्या नव्या दातावरचा डाग

परवा रात्री मनूचे दात घासून देताना मला तो डाग दिसला.

वरचा उजवा पटाशीचा दात, कायमचा. त्याची कड तीन आठवड्यांपूर्वी हिरडीतून डोकावली होती. नव्या पटाशीला असतात तसे तीन बारीक उंचवटे, बोट फिरवलं की करवतीसारखे लागणारे. तेव्हा सगळं पांढरंशुभ्र होतं आणि मी जरा सैलावले होते. परवा दात आणखी थोडा खाली आला. मोबाइलचा टॉर्च लावून मी तिचा ओठ वर केला आणि हिरडीलगत, टाचणीच्या डोक्याहून थोडा मोठा, पिवळसर पांढरा ठिपका दिसला.

"आई, किती वेळ बघतेस?" मनू तोंडातला फेस सांभाळत म्हणाली.

या डागाची मी साडेपाच वर्षं वाट बघत होते. तो नसू दे म्हणून, आणि असलाच तर केवढा आहे ते एकदाचं कळू दे म्हणून. आज सगळं लिहून काढते आहे. मनू पडली त्या रात्री मला यातलं काहीही माहीत नव्हतं, आणि कुणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

मनू तेव्हा वीस महिन्यांची होती. तेराव्या महिन्यात चालायला लागली आणि महिनाभरात चालणं सोडून धावायलाच लागली. त्या संध्याकाळी दाराची बेल वाजली. बाबा आला हे तिला बेलवरूनच कळायचं. पायात मोजे, सिपर दातांत धरलेला, दोन्ही हात हवेत, अशी ती दाराकडे सुटली. मी तिच्यापासून दोन हातांवर कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. गुळगुळीत फरशीवर मोजा घसरला. सिपर टीपॉयच्या कडेवर आपटला आणि सिपरवर ती. 'टक्' असा कोरडा आवाज झाला. मग क्षणभर काहीच नाही. मग तिने श्वास ओढून घेतला आणि किंकाळी फोडली.

तोंडातलं रक्त असतं त्याहून कितीतरी जास्त वाटतं. लाळेत मिसळून ते पसरतं, हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून फ्रॉकवर उतरतं. मी स्वच्छ ओला कपडा तिच्या ओठावर दाबून धरला. सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने रक्त कमी झाल्यावर ओठ उचलून पाहिलं, तर उजव्या पटाशीच्या जागी नुसती लाल खोबण. दात नाही.

मी गुडघ्यांवर बसून दात शोधायला लागले. टीपॉयखाली, सोफ्याखाली, सतरंजीच्या सुरकुत्यांत, फ्रॉकच्या घोळात. नवरा बूटही न काढता टॉर्च धरून माझ्या मागे. पंधरा मिनिटं आम्ही फरशी पिंजून काढली. माझ्या डोक्यात एकच होतं, दात सापडला की परत बसवता येईल.

"अगं, दुधाचाच दात तो," सासूबाई म्हणाल्या. "नवा येईल. तू आधी तिच्याजवळ ये बघू."

त्या मला धीर देत होत्या, आणि मी लेकीजवळ असायला हवं हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण नवऱ्याने एका दवाखान्यात फोन केला तेव्हा तिकडूनही तेच उत्तर आलं. दुधाचा दात आहे ना, मग पडला तरी करण्यासारखं काही नसतं, सकाळी आणा. दात सापडत नाहीये म्हटल्यावर, "गिळला असेल, निघून जाईल." या उत्तराचा मला आजही राग येतो. न सापडलेला दात पोटात गेलेला असू शकतो, तसा श्वासनलिकेतही गेलेला असू शकतो, फाटलेल्या ओठात रुतलेला असू शकतो. तोंड न बघता, फोटो न काढता हे कुणालाच सांगता येत नाही.

"सकाळपर्यंत थांबायचं नाही," नवरा म्हणाला, आणि आम्ही निघालो.

ज्या डॉक्टरांनी त्या रात्री मनूला पाहिलं त्या फक्त लहान मुलांचे दात बघतात. त्यांनी तिला त्या मोठ्या खुर्चीवर झोपवलंच नाही. एक स्टूल ओढून त्या माझ्यासमोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून. मनूचे पाय माझ्या कमरेभोवती, डोकं त्यांच्या मांडीवर, दोन्ही हात माझ्या हातांत. तिला माझा चेहरा दिसत होता आणि त्यांना तिचं तोंड. ती रडत होती, पण रडताना तोंड उघडंच असतं, त्यामुळे त्यांचं काम होत होतं.

पहिले प्रश्न दाताबद्दल नव्हतेच. बेशुद्ध पडली होती का? उलटी झाली? नेहमीपेक्षा जास्त पेंगतेय का? धनुर्वाताची लस झालीय ना? "आधी डोकं, मग दात," त्या म्हणाल्या. मग कशी पडली, ते विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळाने बोलता बोलता परत विचारलं. तिसऱ्यांदा नवऱ्याला विचारलं. मधल्या वेळात त्यांनी मनूचे कान, दंड, पाठ सहज पाहिल्यासारखं पाहून घेतलं. ते माझ्या लक्षात आलं आणि मी आतून दुखावले. आम्ही आमच्या लेकराला मारू असं वाटतंय यांना?

वरच्या ओठाला हिरडीशी बांधणारी एक बारीक दोरी असते. मनूची ती फाटली होती. नुकत्या चालायला लागलेल्या मुलांत पडल्यावर ती बऱ्याचदा फाटते आणि बहुतेक वेळा आपोआप भरूनही येते. पण जे बाळ अजून रांगतही नाही त्याची ती फाटलेली दिसली, किंवा सांगितलेली हकीकत आणि जखम यांचा मेळ बसला नाही, तर डॉक्टरांनी थांबून विचार करायचा असतो, कारण घरात होणाऱ्या मारहाणीच्या खुणा पुष्कळदा तोंडावर आणि तोंडात दिसतात. हे मला खूप नंतर कळलं. आता वाटतं, त्यांनी प्रत्येक आईबापाला असंच तीनदा विचारावं.

मग एक्स-रे. शिशाचा एप्रन घालून मनूला मांडीवर धरून मी बसले. फोटो स्क्रीनवर आला आणि डॉक्टर म्हणाल्या, "दात पडलेला नाही. हा काय, आत आहे."

आम्ही सोफ्याखाली शोधत असलेला दात तिच्या हिरडीतच होता. मार लागून तो खुंटीसारखा वर, हाडात ठोकला गेला होता. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

लहान मुलांचं जबड्याचं हाड मऊ असतं, लवचीक असतं, आणि दुधाच्या दातांची मुळं आखूड. त्यामुळे मार बसला की दुधाचा दात तुटण्यापेक्षा जागेवरून सरकतो जास्त. बाहेर येतो, मागे कलतो, नाहीतर असा आत घुसतो. मोठ्या मुलांचं हाड घट्ट होत गेलेलं असतं, तिथे दाताचा तुकडा उडण्याचं प्रमाण जास्त. तोच धक्का, पण वयाप्रमाणे इजा वेगळी.

"ओढून खाली आणता येईल ना?" मी विचारलं.

त्यांनी डाव्या हाताची मूठ वळली आणि उजव्या हाताची तर्जनी तिच्यावर टेकवली. "हे बोट म्हणजे तिच्या दुधाच्या दाताचं मूळ. आणि ही मूठ म्हणजे तिचा कायमचा दात. तो आत्ता तयार होतोय. मधे हाडाचा पडदा असतो, जेमतेम तीन मिलिमीटरचा, कधी त्याहूनही कमी. आता या बोटाला मी वरखाली हलवू का, सांगा."

कायमच्या वरच्या पटाशीचं काम बाळ तीन-चार महिन्यांचं असतानाच सुरू होतं आणि दाताचा वरचा भाग, म्हणजे पुढे आपल्याला दिसणार तो, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत बनत राहतो. वीस महिन्यांच्या मनूच्या हिरडीत तिचा सात वर्षांचा दात अर्धवट घडलेला होता. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कडक आवरण, बनवणाऱ्या पेशी आपलं काम संपलं की नाहीशा होतात, त्यामुळे घडताना राहिलेली खोट शरीर पुढे कधीच भरून काढत नाही. आत घुसलेल्या दुधाच्या दाताने आतल्या कायमच्या दाताला धक्का दिला असेल तर त्यावर पांढरा, पिवळा किंवा तपकिरी डाग पडू शकतो, इनॅमलला खळगा राहू शकतो, क्वचित मूळच वाकडं वाढतं.

एक्स-रेत मनूचा आत गेलेला दात शेजारच्या दातापेक्षा आखूड दिसत होता. याचा अर्थ तो ओठाच्या बाजूला सरकलाय, कायमच्या दातापासून दूर. लांबट दिसला असता तर उलटं. "हे त्यातल्या त्यात बरं," असं त्या म्हणाल्या. पूर्ण निर्धास्त व्हा, असं मात्र म्हणाल्या नाहीत, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

आणि मी जे शोधत होते, पडलेला दात परत बसवणं, ते दुधाच्या दाताच्या बाबतीत करायचंच नसतं. अगदी मुळासकट हातात आला असता तरी नाही. परत आत ढकलताना आतल्या कायमच्या दाताला इजा होण्याची आणि जंतुसंसर्गाची भीती. 'इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमॅटॉलॉजी' ही दातांच्या इजांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांची जागतिक संघटना आहे. तिच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांतही हेच स्पष्ट लिहिलं आहे, आणि आत घुसलेल्या दुधाच्या दाताला आपलं आपण खाली येऊ द्यावं, हेही. मला त्या रात्री दात सापडला असता तर मी काय केलं असतं, याचा विचार आला की अजून पोटात गोळा येतो.

घरी करायचं ते फार थोडं होतं. मऊ खाणं. मऊ ब्रश. अल्कोहोल नसलेलं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक कापसाच्या बोळ्याने दिवसातून दोनदा हिरडीवर, आठवडाभर. आणि तपासण्या: आठवड्याने, सहा ते आठ आठवड्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि नंतर ती सहा वर्षांची झाल्यावर.

मग वाट बघणं.

तीन आठवड्यांनी खोबणीत पांढरा ठिपका दिसला. मी नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं. पाचव्या महिन्यात दात शेजारच्याच्या जवळजवळ बरोबरीला आला. आत घुसलेले दात बहुतेक सहा महिन्यांत खाली येतात, काहींना वर्ष लागतं. पण खाली आला तो राखाडी होऊन. मार लागला की दातातल्या नसेत रक्तस्राव होतो आणि रंग बदलतो, जखमेभोवती काळंनिळं होतं तसं. ओळखीचे, अनोळखी, सगळे विचारायचे, "दात किडलाय वाटतं? काढून टाका ना." फोटोत मनूला ओठ मिटून हसायला सांगणारेही भेटले. डॉक्टरांचं म्हणणं पक्कं होतं. नुसता रंग बदलला म्हणून काही करायचं नाही. हिरडीवर पुटकुळी आली, सूज आली, दात दुखायला किंवा पुन्हा हलायला लागला, तर लगेच यायचं. रोज रात्री ओठ वर करून बघायची सवय मला तेव्हा लागली. पुटकुळी कधीच आली नाही. राखाडी रंग वर्षभरात फिका होत पिवळसर झाला.

या सगळ्या काळात लोकांनी मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न म्हणजे, "तुझं लक्ष नव्हतं का?" बाबाला कुणी विचारलं नाही, आजीला नाही, मलाच. माझं लक्ष होतं. मी दोन हातांवर होते आणि ती पडताना मला पूर्ण दिसली. एका सेकंदात होणाऱ्या गोष्टीला दोन हात हे फार मोठं अंतर आहे. तो प्रश्न मला महिनोन्महिने कुरतडत राहिला, आणि त्यातूनच मी वाचायला लागले, डॉक्टरांना प्रत्येक तपासणीला भंडावून सोडायला लागले. नेमकं कशामुळे?

वय, हे सगळ्यात मोठं कारण. दुधाच्या दातांना इजा सर्वांत जास्त होते ती दीड ते तीन वर्षांच्या आसपास. डोकं अंगाच्या मानाने मोठं, पाऊल अजून ठरलेलं नाही, आणि पडताना हात पुढे टाकायचे हे शरीराला अजून वेळेवर सुचत नाही. मोठं माणूस तळहातांवर पडतं, हे लेकरू तोंडावर. आणि तोंडावर पडलं की सगळ्यात पुढे असतात ते वरचे पटाशीचे दोन. जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१८ साली मांडलेल्या हिशेबात दुधाच्या दातांना इजा झालेल्या मुलांचं प्रमाण २२.७ टक्के निघालं. चार-पाच मुलांतलं एक. तोंडाचा भाग अख्ख्या शरीराच्या एक टक्का, आणि शरीराला होणाऱ्या सगळ्या इजांपैकी पाच टक्के तिथे होतात. हे आकडे वाचले तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, की मी एकटी निष्काळजी आई नाही.

पण वयाला आपण काही करू शकत नाही, सिपरला करू शकत होतो. ही गोष्ट मला आधी कुणीच सांगितली नव्हती, म्हणून इथे जरा थांबते. बाटली, चोखणी किंवा सिपर तोंडात असताना मूल पडलं की ती कडक वस्तू पाचरीसारखी दातांवर आणि टाळूवर जाते. अमेरिकेत १९९१ ते २०१० या वीस वर्षांत बाटल्या, चोखण्या आणि सिपर यांमुळे जखमी होऊन तातडीच्या विभागात आणलेल्या तीन वर्षांखालच्या मुलांचा अंदाज काढला गेला: ४५ हजारांहून जास्त. त्यातली सुमारे दोन तृतीयांश एक वर्षाची, म्हणजे चालायला शिकणारी. बहुतेक पडूनच जखमी झालेली, आणि सर्वाधिक जखमा तोंडाला. मनूचं वर्णनच ते. त्या दिवसापासून आमच्या घरात प्यायचं ते बसून. पेला हातात असताना चालायचं नाही, हे आता तिचा धाकटा भाऊही तिच्याकडून ऐकून घेतो.

मोजे. गुळगुळीत फरशीवर अनवाणी पाय सगळ्यात चांगले. टीपॉय आम्ही दुसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीतून काढला आणि चार वर्षं परत आणला नाही. कडांना लावायचे रबरी कोपरे मिळतात, पण मनू ते उपटून चावायची.

बसवायचा, चाकांचा वॉकरही आमच्याकडे होता, भेट आलेला. मनूच्या पडण्याशी त्याचा संबंध नाही, पण त्यात बसलेलं मूल आपल्या पायांना झेपणार नाही इतक्या वेगाने जातं, पायऱ्यांवरून थेट खाली जातं, आणि त्याने चालणं लवकर येतं असंही नाही. कॅनडाने २००४ साली त्यावर बंदीच घातली. तो कुणाला द्यायला माझा जीव झाला नाही. मोडून टाकला.

आणि अंगठा. हा सगळ्यात अवघड भाग.

मनू अंगठा चोखायची. झोपताना, कंटाळली की, परकं माणूस आलं की. वर्षाच्या तपासणीला डॉक्टरांनी एक छोटी पट्टी तिच्या दातांना लावून मोजलं. वरचे दात खालच्यांच्या पुढे पाच मिलिमीटर. दात मिटले तरी पुढे फट राहायची. वरचे दात पुढे असले की ओठ त्यांना पुरता झाकत नाही. ओठ म्हणजे दातांपुढची गादी, तीच नसली तर प्रत्येक धक्का थेट दातावर. वरखालच्या दातांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर असलं तर पुढच्या दातांना इजा होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांचेही ओठ सतत उघडे राहतात, तेही त्यातच आलं. आणि एकदा इजा झालेल्या मुलाला पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, कारण ज्यामुळे पहिल्यांदा झालं ते सगळं तिथेच असतं.

तीन वर्षांपर्यंत अंगठा सुटावा, असं त्या म्हणाल्या होत्या. आम्हाला साडेतीन लागली. अंगठ्याला कडू काही लावलं नाही, लाजवलं नाही. माझ्या जुन्या सुती ओढणीचा एक तुकडा तिला झोपताना हातात दिला. पहिले काही दिवस अंगठा आणि ओढणी दोन्ही, मग हळूहळू नुसती ओढणी. अंगठा सुटल्यावर दातांमधली फट आपली आपण बरीच मिटली, अंतरही कमी झालं.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा मनूपेक्षा तीन वर्षांनी मोठा. त्याचेही दात पुढे, अंगठा सहाव्या वर्षापर्यंत, आणि एका पटाशीचा टवका आधीच उडालेला. मी तिला दोनदा म्हटलं होतं दाखवून घे, पण कामांच्या गर्दीत राहून गेलं. कायमच्या दातांना इजा होण्याचं वय आठ ते दहाच्या आसपास, खेळण्याचं, धडकण्याचं. आणि या वयात मुलींपेक्षा मुलगे जास्त.

गेल्या वर्षी एका दुपारी तिचा फोन आला.

"ताई, याचा दात पडला गं. अख्खा, मुळासकट. पळताना दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर आपटला."

"शुद्धीवर आहे ना? उलटी वगैरे?"

"नाही, नाही. रडतोय नुसता."

"दात कुठला? वरचा पटाशीचा, मोठा?"

"हो."

"आत्ता कुठेय दात?"

"माझ्याकडे. रुमालात गुंडाळलाय."

"रुमालातून काढ आधी. मुळाला हात लावू नकोस, पांढऱ्या भागाला धर. माती लागलीय?"

"थोडी."

"दुधात नुसता हलकेच बुडवून काढ. घासू नकोस, पुसू नकोस. आणि जागेवर बसव. पुढची बाजू पुढे. मग स्वच्छ कापडाची घडी दातांत धरून त्याला दाबून ठेवायला सांग."

पलीकडे शांतता. मग ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "मला नाही जमणार गं ताई. माझे हात थरथरताहेत."

"बरं. मग दुधाच्या वाटीत टाक आणि नीघ. पाण्यात नको. आत्ता."

कायमच्या दाताचं सगळंच उलटं. तो परत बसवायचा, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. दाताच्या मुळावर जे नाजूक तंतू असतात त्यांच्या पेशी जिवंत राहिल्या तर दात हाडाला पुन्हा धरतो. अर्धा तास कोरडा राहिला तर त्या बहुतेक मरतात. साध्या पाण्यात त्या फुगून फुटतात. दुधात मात्र काही काळ तग धरतात, आणि दूध बहुतेक घरांत असतं. दुधाचा दात बसवायचा नाही, कायमचा बसवायचा, एवढं एक वाक्य शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असावं असं मला फार वाटतं. ओळखायचा कसा? साधारण सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर पुढचा दात दुधाचा. आठ-नऊचं असेल तर कायमचा, मोठा, रुंद.

रुमालातली सात-आठ मिनिटं, दुधातला अर्धा तास. डॉक्टरांनी दात बसवला, शेजारच्या दातांना बारीक लवचीक तारेने बांधला, दोन आठवड्यांनी तार काढली. नऊ वर्षांच्या मुलाच्या पटाशीचं मूळ टोकाशी अजून उघडं असतं, त्यामुळे नस पुन्हा जिवंत होण्याची आशा असते. त्याची सव्वा वर्षानंतरही तपासणी चालू आहे. दात जागेवर आहे. तो आता खेळताना माउथगार्ड घालतो आणि दातांचं अंतर कमी करायची तारही लागली आहे.

परत मनूकडे येते.

सहाव्या वर्षीच्या एक्स-रेत कायमच्या दाताचं मूळ सरळ दिसलं होतं. राखाडीचा पिवळा झालेला तो दुधाचा दात या वर्षी आपला आपण हलला आणि पडला. तो मी डबीत ठेवलाय. त्याच्या मुळाकडचा भाग झिजून पोकळ झालाय, आतून बोटाला खडबडीत लागतो. एवढासा आहे, माझ्या करंगळीच्या नखाहूनही लहान.

डागाचा फोटो मी डॉक्टरांना पाठवला. त्या म्हणाल्या, इनॅमल तिथे थोडं कच्चं राहिलंय, खळगा दिसत नाही, आत्ता काही करायचं नाही. दात पूर्ण खाली येऊ दे. तोवर दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टने नीट घासायचं. पुढे तिला स्वतःला तो डाग नको वाटला तर फिका करायचे, झाकायचे उपाय आहेत. "तिला वाटलं तर," असं त्यांनी मुद्दाम दोनदा म्हटलं.

डावा पटाशीचा अजून दुधाचाच आहे. त्या रात्री तोही हलला होता, पण जागचा सरकला नव्हता. आता तो पडायला आलाय आणि मनू दिवसभर जिभेने ढकलत असते.

"आई, याच्या खालच्यावर पण ठिपका असेल?"

"माहीत नाही गं. आला की बघू."

"मग टॉर्च मी धरणार," ती म्हणाली. आणि काल रात्री दात घासायला येताना माझा मोबाइल तीच घेऊन आली, टॉर्च आधीच लावलेला.